सल्लागार नेमण्याआधी काम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, वय चाळिशीच्या आसपास, बचत बरी आहे पण पाच ठिकाणी विखुरलेली. दोन सल्लागारांना भेटून झालं. एक म्हणतो, माझी फी काहीच नाही. दुसरा दरवर्षी एकूण गुंतवणुकीच्या १ टक्का मागतो. यातला कोणता घ्यावा, की स्वतःच सांभाळावं?

या दोघांतून निवड करण्याची वेळ अजून आलेलीच नाही. घरात नळ गळायला लागला तर सुताराला कोणी बोलावत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र ‘एखादा चांगला माणूस सुचवा’ एवढ्यावरच आपण थांबतो. मग समोर आलेल्या माणसाकडे जे विकायला असतं, तेच आपलं काम ठरतं.

सल्लागार या एका शब्दाखाली निदान चार वेगळी कामं येतात. पहिलं आराखड्याचं: येणारा-जाणारा पैसा, मालमत्ता, कर्जं, विमा, मुलांची शिक्षणं, निवृत्ती हे सगळं एका जागी मांडायचं आणि दरमहा किती, कुठे, किती वर्षं याचं उत्तर काढायचं. हे संपणारं काम आहे. दोन-तीन बैठका, एक लेखी अहवाल आणि पुढे वर्षातून एकदा उजळणी. दुसरं सांभाळण्याचं: समभाग आणि रोखे यांचं ठरलेलं प्रमाण टिकवणं. ७०-३० ठरलं होतं आणि बाजार चढल्यामुळे ते ७६-२४ झालं, की चढलेल्यातलं थोडं विकून पुन्हा ७०-३० वर आणायचं. प्रमाण ५ टक्क्यांहून जास्त सरकल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नेहमीचा ठोकताळा. म्हणजे वर्षाकाठी एक-दोन तासांचं काम. आणि गंमत अशी की बहुतेक लोक सगळ्यात जास्त पैसे याच कामाचे मोजतात.

तिसरं काम आवर घालण्याचं. बाजार कोसळला की ‘सगळं विकून टाका’ म्हणणाऱ्या माणसाला थांबवायचं आणि शेजाऱ्याने कशात तरी पैसे दुप्पट केले म्हणून तिकडे धावणाऱ्यालाही. चौथं गुंत्यांचं: दोन देशांतलं उत्पन्न, व्यवसायाची विक्री, वारसा, घटस्फोट, कंपनीने पगाराच्या जोडीला दिलेले शेअर्स, आयुष्यभर ज्याची सोय लावायची आहे असं अपत्य.

बाजारापेक्षा जास्त परतावा मिळवून देणं हे या यादीत मुद्दामच घेतलेलं नाही. सगळ्या गुंतवणूकदारांची बेरीज म्हणजेच बाजार. त्यातले जे नुसता बाजार जसाच्या तसा घेऊन बसतात त्यांना बाजाराइतकंच मिळणार, मग उरलेल्यांच्या वाट्यालाही सरासरीने तेवढंच येणार. आणि खर्च वजा केला की त्याहून कमी. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये हे निव्वळ बेरीज-वजाबाकीने दाखवून दिलं. एखादा फंड किंवा एखादा माणूस काही वर्षं पुढे राहतोच, पण तो कोण हे आधी ओळखता येत नाही. पहिल्याच भेटीत जो जास्त परताव्याची भाषा करतो, त्याच्याशी दुसरी भेट ठरवायचं कारण नाही.

आता १ टक्क्याचं बघू. फी दरवर्षी शिलकीतून कापली जाते, त्यामुळे तिचा परिणाम चक्रवाढीने साठत जातो. आज ठेवलेली एकरकमी गुंतवणूक १० वर्षांनी, फी नसती तर जेवढी झाली असती, त्यापेक्षा ९.६ टक्के कमी भरते. २० वर्षांनी १८ टक्के, २५ वर्षांनी २२ टक्के, ३० वर्षांनी २६ टक्के. परतावा ५ टक्के धरा नाहीतर १२, ही टक्केवारी बदलत नाही, कारण दरवर्षी ०.९९ ने गुणलं जातं एवढंच. रक्कम एकदम न भरता दरवर्षी सारखी भरत गेलात तर नंतरच्या पैशांवर फी कमी वर्षं बसते. ८ टक्के वाढ धरून २५ वर्षांत सुमारे १५ टक्के घट येते. फंडाचा स्वतःचा खर्च वेगळाच. तोही १ टक्का असेल तर एकरकमी पैशांवर २५ वर्षांत जवळजवळ ४० टक्के जातात.

पण टक्केवारीने डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नाही, म्हणून ही फी घरखर्चाच्या दिवसांत मोजावी. तुमची गुंतवणूक दोन वर्षांच्या घरखर्चाएवढी असेल, तर १ टक्का म्हणजे साधारण सात दिवसांचा खर्च. वर्षभर कोणी हिशेब बघणार असेल तर हा सौदा वाईट नाही. गुंतवणूक दहा वर्षांच्या खर्चाएवढी झाली की तीच फी ३६ दिवसांची होते, पंचवीस वर्षांच्या खर्चाएवढी झाली की तीन महिन्यांची. काम मात्र तेच राहतं. ७०-३० चं प्रमाण राखायला रक्कम दसपट झाली म्हणून दसपट वेळ लागत नाही. इथेच नाकापेक्षा मोती जड होतो. निवृत्तीनंतर तर हे आणखी बोचतं: वर्षाला ४ टक्के काढून घर चालवणाऱ्याला १ टक्का फी म्हणजे स्वतःसाठी काढलेल्या दर चार रुपयांमागे एक रुपया सल्लागाराला.

याच्या उलट बाजूने एक आकडा नेहमी पुढे केला जातो. चांगला सल्लागार वर्षाला सुमारे ३ टक्क्यांची भर घालू शकतो, असा अंदाज व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीने मांडलेला आहे. तो बारकाईने पाहिला तर भर एकसारखी दरवर्षी पडत नाही आणि तिचा मोठा वाटा तिसऱ्या कामाचा, म्हणजे घाबरून विकू न देण्याचा आहे. गुंतवणूक ३० टक्के पडली तर मूळ पदावर यायला सुमारे ४३ टक्के वाढ लागते, ५० टक्के पडली तर १०० टक्के. त्या खड्ड्यात विकून बाहेर पडलेल्याला ती वाढ मिळतच नाही. त्यामुळे एका प्रसंगी एका माणसाला थांबवणं हे दहा वर्षांच्या फीहून मोलाचं ठरू शकतं. मात्र जो मुळात विकणाराच नव्हता, त्याच्यासाठी ही भर शून्य.

मग आपण घाबरून विकणाऱ्यांतले आहोत का, हे कसं कळायचं? आठवणीवर विसंबू नका, आठवण नेहमी आपली बाजू घेते. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये जगभरचे बाजार कोसळले होते. त्या दोन महिन्यांची आणि पुढच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट्स काढा. विकलं होतं का? दरमहाचे हप्ते थांबवले होते का? की काहीच केलं नव्हतं? ‘काहीच केलं नाही’ असं दोघांच्याही बाबतीत दिसलं, तर आवर घालायला पगारी माणूस लागत नाही. एकाने विकायचा आग्रह धरला आणि दुसऱ्याने थोपवलं असं असेल, तर थोपवणारा उद्या आजारी पडला तर काय, हा पुढचा प्रश्न. तेव्हा गुंतवणूकच नव्हती, तर उत्तर माहीत नाही असं समजून समभागांचं प्रमाण जरा कमीच ठेवून सुरुवात करा.

आता फुकटवाल्याकडे येऊ. फुकट ते पौष्टिक ही म्हण इथे महाग पडते. त्याला पैसे मिळतातच, फक्त ते तुम्ही चेकने देत नाही. तुम्ही घेतलेल्या योजनेच्या खर्चातून कंपनी त्याला देते. काही योजनांत विक्रीच्या वेळी एकदम मोठं कमिशन, काहींत तुमचे पैसे तिथे असेपर्यंत दरवर्षी थोडं थोडं. पहिल्या प्रकारात त्याचा फायदा तुम्ही वारंवार योजना बदलण्यात, दुसऱ्यात कधीच पैसे न काढण्यात. भारतात हा खर्च उघड दिसतो: १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांच्या योजनांना ‘डायरेक्ट’ (कमिशनशिवाय) आणि ‘रेग्युलर’ (कमिशनसह) असे दोन दरवाजे आहेत. फंड तोच, व्यवस्थापक तोच, खर्चाचं प्रमाण वेगळं. त्या दोन प्रमाणांतला फरक काढा आणि तुमच्या रकमेने गुणा, की ‘फुकट’ सल्ल्याचं वर्षाचं बिल समोर येतं. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस आणि नेदरलँड्सने जानेवारी २०१३ पासून गुंतवणूक-सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं, ते याच कारणाने.

तरीही कमिशनवाला म्हणजे चोर, असं समजणं हा आळशीपणा आहे. बचत नुकतीच सुरू झालेल्याला ठोक फी झेपत नाही, आणि कोणीतरी पाठपुरावा करून हप्ता सुरू करून दिला नाही तर ती सुरूही होत नाही. बिल ठाऊक असताना ते मान्य करणं ठीक. मात्र विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेली, पहिल्या काही वर्षांत बाहेर पडलं तर मोठी कपात करणारी योजना त्याने पहिल्याच भेटीत पुढे केली, तर तिथून उठावं. अशा योजनांत कमिशन जास्त असतं, आणि मुदतीआधी मोडल्यावर बसणारी कपात बहुधा त्याचीच वसुली असते.

आणि टक्केवारीवाला तरी निःपक्ष असतो का? शिलकीतून घरकर्ज फेडू का, असं त्याला विचारा. कर्ज फेडलं तर त्याची फी कमी होते, त्यामुळे उत्तर कुठे झुकणार हे उघड आहे. घर घेणं, मुलांना पैसे देणं, स्वतःच्या धंद्यात घालणं या प्रत्येक सल्ल्याला हाच कल असतो. तासावर फी घेणाऱ्याची अडचण वेगळी: मीटर चालू आहे म्हणून माणूस फोन करायला कचरतो आणि नेमक्या वेळी विचारत नाही. वार्षिक ठोक फीत शांत वर्षी फारसं काम न होता पैसे जातात. बिनकलाची पद्धत नाही. पण नोकरदार घराला आराखड्याची एकदाच ठोक फी आणि पुढे उजळणीची लहान फी ही पद्धत बहुधा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सरळ पडते.

कोणाला सल्लागाराची गरज नाही, हे पटकन सांगता येतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. तिच्या व्याजाला हरवणारी गुंतवणूक कोणाकडेच नसते. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी नसेल तर आधी ती जमवा. दोन पगार, एक घरकर्ज, साधा मुदतीचा विमा, आरोग्यविमा, दोन-तीन कमी खर्चाचे इंडेक्स फंड (बाजाराचा निर्देशांक जसाच्या तसा धरणारे) एवढाच पसारा असेल, तर वर्षाला दहा-बारा तास आणि आपला हात जगन्नाथ. प्रश्न फक्त कराचा असेल तर कर-सल्लागार, मृत्युपत्राचा असेल तर वकील. या दोघांची कामं गुंतवणूक-सल्लागाराकडून करून घेणं म्हणजे पैसे एकदा त्याला द्यायचे आणि चूक निस्तरायला पुन्हा त्यांना.

उलट निवृत्ती पाच वर्षांवर आली असेल, तर एकदा तरी बसून घ्याच. तोपर्यंतच्या चुका पुढच्या पगारातून भरून निघत होत्या, आता निघणार नाहीत. पहिल्या चार-पाच वर्षांत बाजार पडला आणि त्याच काळात घरखर्चासाठी विकावं लागलं, तर पुढे सरासरी परतावा चांगला मिळूनही पुंजी आधी संपते. कुठल्या खात्यातून कोणत्या क्रमाने काढायचं, कर किती बसेल, पेन्शन घेण्याचा पर्याय कोणता, यातले काही निर्णय एकदा घेतले की फिरवता येत नाहीत. एकाच कंपनीचे शेअर्स आणि पगारही तिथूनच, वारशाने अचानक मोठी रक्कम आली, जोडीदारापैकी एकालाच सगळं माहीत आहे आणि दुसऱ्याला पासवर्डही ठाऊक नाहीत, या परिस्थितींतही हेच. शेवटची सगळ्यात जास्त घरांत आढळते आणि तिच्यासाठी सल्लागार शोधणारे सगळ्यात कमी.

माणूस निवडायचा झालाच, तर नोंदणी आधी तपासा, स्वभाव नंतर. ‘वेल्थ मॅनेजर’, ‘फायनान्शियल कोच’ ही नावं कोणीही कार्डावर छापतो. त्या त्या देशातल्या नियामकाच्या यादीत स्वतः शोधा, त्याने पाठवलेल्या दुव्यावरून नाही: भारतात सेबी, ब्रिटनमध्ये एफसीए, अमेरिकेत एसईसी किंवा राज्याचा नियामक. नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणी कोणत्या कामासाठी आहे आणि आधीची कारवाई या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. भारतात फी घेऊन सल्ला देणारा गुंतवणूक सल्लागार सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली येतो. फंड विकणाऱ्या वितरकाची नोंदणी वेगळी. एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन असं दोन्ही घेता येत नाही, हे २०२० च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. सीएफपी (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) ही पदवी अभ्यास झाल्याचं सांगते. ती परवाना नाही.

त्यानंतरची सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे पैसे कोणाच्या ताब्यात राहणार. रक्कम तुमच्या खात्यातून थेट फंड कंपनीकडे किंवा तुमच्याच नावाच्या डीमॅट खात्यात जायला हवी आणि स्टेटमेंट त्या संस्थेकडून थेट तुम्हाला यायला हवं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लोकांचे पैसे गुंतवून देतो म्हणणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफला फसवणुकीबद्दल अटक झाली. त्याच्या योजनेत गुंतवणूक करणारा, ती सांभाळणारा आणि स्टेटमेंट छापणारा एकच होता, म्हणूनच कागदावरचे अब्जावधी डॉलर इतकी वर्षं कोणी मोजून पाहिले नाहीत. सल्लागाराच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावाने चेक लिहायचा तो फक्त फीचा. ओटीपी, पासवर्ड आणि सही केलेले कोरे फॉर्म देऊ नयेत, ओळख कितीही जुनी असो.

पहिल्या भेटीआधी त्याला हे प्रश्न ईमेलने पाठवा आणि उत्तरंही लेखीच मागा: माझ्यामुळे तुम्हाला वर्षाला सगळ्या वाटांनी मिळून किती पैसे मिळतील? ते मी सोडून आणखी कोण देणार? फंडाच्या खर्चासकट मला एकूण किती टक्के पडतील? माझ्याऐवजी व्यवहार करण्याचा अधिकार तुम्ही मागणार का? माझ्यासारख्या घरासाठी केलेल्या आराखड्याचा, नावं झाकलेला, एक नमुना दाखवाल का? तुम्ही नसाल तेव्हा माझी फाइल कोण बघणार? पहिल्याच प्रश्नावर ‘त्याची तुम्ही काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर बाकीच्यांची वाट बघू नका.

भेटीला जाताना तीन वर्षांची कर-विवरणपत्रं, सगळ्या कर्जांची ताजी शिल्लक, विम्याच्या पॉलिसी, गुंतवणुकीची एकत्रित स्टेटमेंट्स आणि सहा महिन्यांचा खरा खर्च न्या. अंदाजाने सांगितलेला खर्च बहुधा कमीच असतो, कारण वर्षातून एकदा येणारे विम्याचे हप्ते, दुरुस्त्या आणि लग्नकार्यं त्यात धरलेली नसतात. त्या आकड्यावर उभा राहिलेला निवृत्तीचा हिशेब मग पायातच चुकतो. त्याने हे कागद न मागता, दहा प्रश्नांची जोखीम-चाचणी भरून घेऊन थेट फंडांची यादी दिली, तर ते दुकान आहे.

हातात येणाऱ्या अहवालात काय हवं? आजची निव्वळ मालमत्ता, वर्षवार येणं-जाणं, महागाई आणि परताव्याचे गृहीत दर स्पष्ट लिहिलेले, परतावा २ टक्क्यांनी कमी निघाला तर काय होईल याचा तक्ता, विमा किती कमी किंवा किती जास्त आहे, आणि कोणत्या महिन्यात कोणी काय करायचं याची यादी. फक्त दहा-बारा फंडांची नावं म्हणजे अहवाल नव्हे. फंड दहा असले की पसारा वाढतो; त्यातले सहा बऱ्याचदा त्याच त्या मोठ्या कंपन्यांचे शेअर्स धरून बसलेले असतात.

पहिल्या वर्षात नेहमी बिघडतं ते एका ठिकाणी. नवा सल्लागार आल्या आल्या जुनं सगळं विकायला लावतो. त्यावर भांडवली नफ्याचा कर बसतो, काही योजनांत बाहेर पडण्याचा आकार लागतो, विम्याच्या योजनेत कपात होते. प्रत्येक विक्रीमागे कर आणि आकार धरून किती जातील आणि ते किती वर्षांत भरून निघतील, हा हिशेब मागा. ज्या योजनेत हे भरून निघत नाही तिथे नवे पैसे थांबवायचे आणि जुने राहू द्यायचे, असंही करता येतं. वर्षाअखेरीस त्याने केलेली तुलनाही तपासा: ६० टक्के समभाग असलेल्या गुंतवणुकीची तुलना मुदत ठेवीशी केली तर चांगल्या वर्षी कोणीही हुशार दिसतो. तुलना त्याच प्रमाणातल्या इंडेक्सशी आणि फी वजा करून व्हायला हवी.

तुमच्या बाबतीत, वर लिहिलेल्या गुंत्यांपैकी काही नसेल तर त्या दोघांनाही नम्रपणे थांबवा. एकदाच ठोक फी घेणारा, नोंदणी असलेला, काहीही न विकणारा माणूस शोधा आणि पाच ठिकाणचा पैसा एका कागदावर आणून घ्या. बैठकीला दोघंही बसा. अंमलबजावणी स्वतः करा. वर्षभराने मागे वळून बघा: ठरवलेल्यापैकी किती झालं? कामं तशीच पडून राहिली असतील, तर तुम्हाला सल्ल्यापेक्षा पाठपुरावा करणारा माणूस हवा आहे, आणि मग वार्षिक ठोक फी देणं रास्त. करारात मात्र तीन ओळी असू द्या: किती दिवसांच्या नोटिसीने थांबता येईल, आधी भरलेली फी दिवसांच्या हिशेबाने परत मिळेल का, आणि तुमच्या गुंतवणुकीवरचा त्याचा कोड (कमिशन कोणाला जायचं ते ठरवणारा क्रमांक) किंवा व्यवहाराचा अधिकार कोण, किती दिवसांत काढून देईल. सल्लागार सोडल्यावरही शिल्लक राहिलेल्या जुन्या कोडवर वर्षानुवर्षं कमिशन जात राहतं.